रुपीबाईच्या हातचं पाणी

रुपीबाई नावाची एक माडिया बाई आहे. भामरागडच्याही पुढं, नदीपार तिचं गाव. तिला वाचता येत नाही, त्यामुळं हे लिहिलेलं तिच्यापर्यंत जाणार नाही. तरी आधी तिचं नाव लिहितो आणि मग माझ्या दुखण्याचं सांगतो. तिच्यानंतर डॉक्टरसाहेब आणि भिवा कंपाउंडर. या तिघांच्या हातून प्रभूनं मला वाचवलं.

आपल्या नगरकडचे, सोलापूरकडचे पुष्कळ भाऊ तिकडं चांदा जिल्ह्याच्या जंगलात मोटारीवर नाहीतर सागाच्या तोडीवर कामाला गेलेत. त्यांच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर त्याला धीर मिळावा आणि माझी चूक त्यानं करू नये, एवढ्यासाठी लिहितो. माझी शाळा मराठी चौथीलाच सुटली. चुकेल तिथं सांभाळून घ्या.

डॉक्टरसाहेबांनी काचेची बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "याला ब्लॅकवॉटर फीव्हर म्हणतात."

मी बाटलीकडं बघत होतो. ती माझीच लघवी होती. कोळसे विझवलेलं पाणी दिसतं तशी काळी, आणि वर फेस.

"काळ्या लघवीचा ताप," त्यांनी फोड करून सांगितलं. "तुमच्या रक्तातल्या तांबड्या पेशी आतल्या आत फुटताहेत. ते फुटलेलं रक्त लघवीतून जातंय. जातंय तोवर बरं. ते मूत्रपिंडात अडकलं तर लघवी बंद होईल."

"आणि बंद झाली तर?"

"बंद होऊ द्यायची नाही," ते म्हणाले.

मी सागाच्या ठेकेदाराकडं मोटारीवर ड्रायव्हर होतो. जंगलात लाकूड भरायचं, बल्लारशाच्या स्टेशनावर उतरवायचं. पाऊस संपून वाटा सुकल्या की हे काम चालू होतं. हिवताप तिथं सगळ्यांनाच. आमच्या मुक्कामावर मुनशीजवळ क्विनीनच्या गोळ्यांचा डबा असायचा. हुडहुडी भरली की दोन गोळ्या घ्यायच्या, घाम आला की पुन्हा चाकावर बसायचं. बरं वाटलं की गोळ्या बंद. पुन्हा ताप, पुन्हा दोन गोळ्या. आम्ही बाहेरून आलेले सगळे असंच करायचो, आणि त्यात आम्हाला शहाणपणच वाटायचं, की बघा, आम्ही औषधाशिवाय राहत नाही.

त्या दिवशी सकाळी चाकावर असतानाच थंडी भरली. दात वाजायला लागले, कंबर आतून कुणी पिळावी तशी दुखायला लागली. मोटार बाजूला घेतली आणि लघवीला उतरलो. वाळल्या सागाच्या पानावर काळी धार पडली. मला वाटलं, डोळ्यापुढं अंधारी आली म्हणून तसं दिसतंय. वाकून बघितलं. अंधारी नव्हती.

मागच्या मोटारीवर रहीमभाई होते. त्यांनी बघितलं, मला आपल्या शेजारी बसवलं आणि वाटेवरच्या मिशनच्या लहान दवाखान्यात आणलं. त्यांचा विचार होता की तिथून तसंच चांद्याला न्यावं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "त्या रस्त्यानं हलवलं तर पोचेपर्यंत राहायचा नाही. याला खाटेवरून उठवायचंसुद्धा नाही." रहीमभाईंच्या मोटारीत माल होता, त्यांना जाणं भाग होतं. जाताना माझ्या पायाला हात लावून म्हणाले, "अल्ला तुझ्या देवाशी बोलेल." मोटारीचा आवाज झाडीत विरेपर्यंत मी ऐकत राहिलो.

मग डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "तुमचं माणूस कोण?"

तिथं प्रत्येक रोग्याचं एक माणूस असायचं. दवाखान्यामागं चुली होत्या, तिथं ते रांधायचं, पाणी द्यायचं, रात्री खाटेखाली निजायचं. दवाखान्यात डॉक्टर, भिवा कंपाउंडर आणि एक झाडूवाली, एवढीच माणसं. मला तर दिवसभर घोटघोट पाणी पाहिजे होतं. सोडा घातलेलं पाणी, साधं पाणी, जवाचं पाणी. एकदम जास्त दिलं की उलटी व्हायची, थांबलं की लघवी आटायची. शेजारी सारखं कुणीतरी बसायलाच हवं.

"माझं इथं कुणी नाही," मी म्हणालो. बायको सारा आणि मुलं नगरकडं. तार गेली तरी तिला यायला किती दिवस लागतील, आणि आली तर तिच्या हाती काय लागेल, हेच डोक्यात फिरत होतं.

शेजारच्या खाटेखालून आवाज आला, "मी हाओ ना."

ती रुपीबाई. तिचा नवरा लालसू त्या खाटेवर होता. बोरं वेचायला गेला असता अस्वलानं त्याला धरलं होतं. सगळं तोंड पट्टीत, एक डोळा आणि ओठ तेवढे उघडे. तिनं डॉक्टरांकडं बघून लालसूकडं बोट केलं. "याले पाजतो, तं यालेबी पाजीन. दोन खाटा, एक गडवा."

तिला आमची मराठी मोडकीतोडकी यायची. तांब्याला ती गडवा म्हणायची, पाण्याला तिच्या बोलीत 'येर'. माझ्या ओठाशी वाटी लावायची आणि म्हणायची, "येर." मी एक घोट घ्यायचो. थोड्या वेळानं पुन्हा, "येर."

भिवा कंपाउंडर नागभीडकडचा. प्रत्येक वेळची लघवी तो वेगळ्या बाटलीत ठेवायचा आणि बाटल्या खिडकीत ओळीनं मांडायचा, म्हणजे रंग उतरतोय की चढतोय ते डॉक्टरांना एका नजरेत कळावं. "नगरवाले भाऊ," तो म्हणायचा, "तुमच्या बाटल्या पाहून मले काळा चहा पेवाची वासनाच राह्यली नाई." मला हसू यायचं नाही. मी दिवसभर त्या ओळीकडं बघत पडायचो. सगळ्या काळ्या. डोळे पिवळे झाले होते, नखं पांढरी पडली होती. अंगातलं रक्त खिडकीत जाऊन बसतंय असं वाटायचं.

मी प्रार्थना करायला बघत होतो. आमच्या घरी प्रार्थनेची रीत ठरलेली. सकाळी एक, जेवणाआधी एक, निजताना एक. आधी स्तुती, मग उपकार, मग पापांची क्षमा, मग मागणं, शेवटी आमेन. त्या खाटेवर मी स्तुतीला सुरुवात करायचो आणि दुसऱ्या वाक्यातच मन बाटल्यांवर जायचं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडकायचो. मला वाटायला लागलं की देवानं ऐकायचं बंद केलंय. ताप आणि लघवी यापेक्षा मी या विचाराला जास्त भ्यायलो.

अशातच माझं लक्ष रुपीबाईच्या बोटांकडं गेलं. वाटी भरली की माझ्या ओठाला लावायच्या आधी ती बोटं बुडवून दोन-चार थेंब जमिनीवर टाकायची आणि काहीतरी पुटपुटायची. प्रत्येक घोटाला. खाटेखालची जमीन कायम ओली.

भिवा एकदा घसरता घसरता वाचला. "ओ बाई! जमिनीले तहान लागली का?"

"तिलेच पयले लागते," रुपीबाई म्हणाली.

मी लालसूला विचारलं, "दादा, बाई पाणी का सांडतात?"

पट्टीतून बोलताना त्याला त्रास व्हायचा, पण बोलायची हौस मोठी. "सांडत नाई, देते. धरतीले देते, आमच्या मेलेल्या म्हाताऱ्यायले देते. मंग आपन पेवाचं. मोहाची असो का पानी असो, त्यायचं पयले. सगळे दारूच्या टायमाले देतेत. हे माही बायको पान्यालेबी देते. लय कडक आहे."

मी हाताच्या पाठीनं ओठ पुसले.

आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जत्रेचा नारळ, देवाचा प्रसाद, नैवेद्य सगळं सुटलं. शेजारणीनं आमच्या हातावर प्रसाद ठेवला तर आई भांडायची नाही, हसून बोलायची, पण घरात आल्यावर आमच्या मुठी उघडून तो काढून घ्यायची. दुसऱ्याला वाहिलेलं तोंडात घालायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. आणि मी आल्यापासून काय पीत होतो? म्हणूनच देव ऐकत नाही, असं माझ्या तापलेल्या डोक्यानं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपीबाई "येर" म्हणाली तेव्हा मी तोंड फिरवलं. तिला वाटलं मळमळतंय. थोड्या वेळानं पुन्हा आली. मी ओठ मिटून घेतले. घसा कोरडा पडला होता, जीभ टाळूला चिकटत होती. डोळे मिटून मी मनात म्हणत होतो, बघ प्रभू, मी तुझ्यासाठी पीत नाही.

त्या सकाळी बाटलीत तळाला थोडीशी लघवी आली, काकवीसारखी दाट. दुपारी काहीच आली नाही. भिवानं बाटली धरली, वाट बघितली, आणि ती रिकामीच घेऊन डॉक्टरसाहेबांना बोलवायला गेला.

डॉक्टरसाहेब आले. पोट दाबून बघितलं. "पाणी किती गेलं?"

"नाई पेत," रुपीबाई म्हणाली. "सकाळपासून तोंड बंद करून राह्यला."

"का?"

मी सांगितलं. तुटक तुटक सांगितलं. डॉक्टरसाहेब स्वतः ख्रिस्ती. मला वाटलं होतं, ते तरी समजून घेतील. ते खाटेच्या कडेला बसले.

"तुमच्या आईनं शिकवलं ते मी खोडत नाही," ते म्हणाले. "पण 'मी तान्हेला होतो, तुम्ही मला पाणी पाजलं' असं आपला प्रभू म्हणाला, ते मंडळीत कधी तुमच्या कानावर पडलंय की नाही? माझ्याकडं दुसरं माणूस नाही. तुमची मूत्रपिंडं बंद पडायला लागली आहेत. आजचा दिवस असाच गेला तर मी काही करू शकणार नाही." ते उठले. "देवानं तुमच्याकडं जे माणूस पाठवलं त्याच्या हातून तुम्ही घेत नाही, आणि देव ऐकत नाही म्हणता."

रुपीबाई तिथंच उकिडवी बसली होती. तिला किती कळलं कोण जाणे, पण मुद्दा कळला. मला वाटलं, आता ती उठून जाईल. जायला तिला पूर्ण हक्क होता. मला एवढी भीती वाटली की रडूच आलं.

ती गेली नाही. माझ्याकडं बघत म्हणाली, "तुज्या देवाले तहान नाई लागत का?"

"आम्ही असं टाकत नाही, बाई. आम्ही नाव घेतो. प्रार्थना करतो."

"मंग घे न नाव. मी कुठी आडवलं? माह्या म्हाताऱ्यायले मी देईन, तुज्या देवाले तू सांग." तिनं वाटी भरली, थेंब टाकले आणि माझ्या ओठापाशी आणून थांबली. "पन दर घोटाले सांग. मी दर घोटाले देतो. तू सकाळी एकडाव सांगून दिवस भागवतोस का?"

पलीकडून लालसू म्हणाला, "सांगतलं ना, लय कडक आहे."

माझ्याजवळ स्तुती नव्हती, उपकाराचं वाक्य नव्हतं. मी "प्रभू" एवढंच म्हणालो आणि घोट घेतला. थोड्या वेळानं वाटी पुन्हा आली. "प्रभू." घोट. "प्रभू, भीती वाटते." घोट. "प्रभू, सारा." घोट. रुपीबाई मी बोलेपर्यंत थांबायची. मी थकून नुसतंच तोंड उघडलं की वाटी मागं घ्यायची. "सांगतलं का?"

लोक सांगतात तशी शांती वगैरे मला आली नाही. भीती होती तेवढीच होती. पोटाखाली दगड ठेवल्यासारखं वाटत होतं आणि लघवी येत नव्हती. फरक एवढाच की आता ती भीती मी एकटा चघळत नव्हतो, घोटाघोटाला कुणाला तरी सांगत होतो. आणि सांगताना वाक्य मध्येच तुटलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नव्हतं. घोटच तेवढा होता.

ऊन खिडकीतून खाली उतरलं तेव्हा मला कळ आली. भिवानं बाटली धरली. बराच वेळ काही नाही. मग थेंब थेंब, मग बारीक धार. काळीच, पण धार. अर्धा पेला भरली असेल.

भिवा बाटली उंच धरून व्हरांड्यात ओरडत गेला, "झाली, झाली! डॉक्टरसाहेब, नगरवाल्याले झाली!"

"पोरगा का पोरगी?" लालसूनं खाटेवरून विचारलं, आणि हसल्यामुळं पट्टी ताणली म्हणून कळवळला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा हसलो. हसताना कंबर दुखली.

त्यानंतरही एकदम बरं वाटलं असं नाही. बाटल्या काळ्याच येत राहिल्या. मग एका सकाळी जांभळाच्या रसासारखी आली. भिवानं ती ओळीत लावली आणि मी ती खरी की उजेडाचा खेळ, म्हणून दिवसभर बघत राहिलो. पुढं बिनदुधाच्या चहासारखी झाली, मग गुळाच्या पाण्यासारखी. मध्ये एक बाटली पुन्हा गडद आली, तेव्हा मी घोट घेताना "प्रभू" म्हणायलाही घाबरलो. रुपीबाई वाटी धरून थांबली. तेव्हा मी तेच सांगितलं, की सांगायला भीती वाटते. तिला ते चाललं.

डॉक्टरसाहेबांनी बोटाला टोचून रक्त काढलं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला तांबडेपणा, फार उतरला होता. याला ॲनिमिया म्हणतात, अंगात रक्त कमी असणं. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. उभं राहिलं की दम लागायचा. लोखंडाचं कडू औषध, गूळ, शेंगदाणे, अंडी मिळतील तेवढी. रुपीबाई चुलीवर पेज करून आणायची. तिचे थेंब खाली पडायचे, मी माझं सांगायचो, आणि मग पेज प्यायचो.

लालसूचे टाके निघाले आणि ती दोघं निघाली. त्यांना पुढं बैलगाडी, मग पायवाट, मग नदी. मी खाटेवर उठून बसलो होतो. मला पुष्कळ बोलायचं होतं. मी हात जोडले तर रुपीबाईनं गडवा माझ्या उशाशी ठेवला आणि झाडूवालीला दाखवून म्हणाली, "हे पाजीन आता." आणि मला, "सांगत राह्यजो." लालसू दारातून म्हणाला, "मोटार घेऊन ये कधी गावाले. मी कधी बसलो नाई." ती गेल्यावर मला कळलं की तिच्या गावाचं नाव सोडलं तर मला तिच्याबद्दल काहीच माहीत नाही. किती मुलं, किती जमीन, काही विचारलंच नव्हतं. सगळा वेळ मी माझंच बोलत होतो.

मला सोडताना डॉक्टरसाहेबांनी दोन गोष्टी बजावल्या. "अधूनमधून घेतलेल्या क्विनीननंच हा ताप उठवला. क्विनीन आता तुमच्यासाठी विष आहे. जन्मात एक गोळीसुद्धा नको. आणि या मुलखात पुन्हा येऊ नका. हा ताप एकदा आलेल्याला पुन्हा धरतो, आणि दुसऱ्यांदा मी असेनच असं नाही."

भावांनो, क्विनीन मनानं घेऊ नका. ताप आला की दोन गोळ्या आणि घाम आला की बंद, असं कुणी करत असेल तर त्याला थांबवा. डॉक्टर देतील ते औषध, ते सांगतील तेवढे दिवस. आणि लघवी काळी दिसली तर लांबच्या मोठ्या दवाखान्याचा विचार करू नका. जवळात जवळ जो डॉक्टर असेल तिथं आडवे पडा आणि हलू नका.

मी आता घरी आहे. गिरणीची मोटार चालवतो, लांबचे पल्ले घेत नाही. लघवीला गेलो की अजून वाकून बघतो. सकाळी सगळ्यात आधी तीच भीती उठते. पण सकाळची एक लांब प्रार्थना करून दिवस मोकळा, असं आता मला जमत नाही. पेला उचलला की थांबतो. गियर टाकताना, चढ आला की, पोराला खोकला आला की, एखादं वाक्य सांगून टाकतो, अर्धं का होईना. सारा म्हणते, "पाण्याशी काय बोलता हो सारखं?" मी म्हणतो, पाण्याशी नाही. एके रात्री बघितलं तर पोराला औषध पाजताना तीही चमच्यापाशी थांबली होती.

पूर्वी देव म्हणजे मला मंडळीतल्या मोठ्या खुर्चीवर बसलेला वाटायचा, वेळ घेऊन भेटायचा. आता तो उशाशी बसलेला वाटतो, आणि मी काही बोलतो का याची वाट बघतोय असं वाटतं. हे मी कुणाकडून शिकलो ते आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "हे लिहून काढ."

डॉक्टरसाहेबांनी जंगलात परत येऊ नको म्हटलंय, आणि मी भित्रा माणूस आहे. हिवतापाच्या नव्या गोळ्या निघाल्यात, त्या मला चालतात का हे विचारायला त्यांना कार्ड टाकलंय. उत्तर काहीही येवो. रुपीबाई, नदी उतरली की एका थंडीत मी येईन. भीत भीतच येईन, वाटेवरच्या प्रत्येक वळणाला सांगत येईन. तुम्ही आजारी असाल किंवा नुसत्या म्हाताऱ्या झाल्या असाल, त्या दिवशी चुलीजवळून उठायचं नाही. पाणी मी पाजीन. आणि यावेळी तुमचं सगळं विचारीन.